तिच्या नकाराला घरात जागा दे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अर्धं बोललास आणि अर्धं गिळलंस. गिळलेलंही मला समजलं. लाजू नकोस. सरकारी दवाखान्यात माझी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. सख्ख्या आईला न सांगितलेलं बायका तिथं सिस्टरला सांगतात. फोनवर हे नीट बोलता यायचं नाही म्हणून लिहायला बसले. पत्र सूनबाईला वाचायला दिलंस तरी चालेल. तिच्यासमोर म्हणू शकणार नाही असं यात काही नाही.

तू म्हणालास, मी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, तरी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ती माफी मागते. जवळ गेलो की अंग आखडतं. मी काय केलंय? लेकरा, तू काही केलेलं नाहीस. पहिल्या नवऱ्याच्या घरात तिच्यावर जे गुदरलं त्याला तिचं अंग अजून उत्तर देतंय, आणि समोर नेमका तू असतोस.

किल्लारीचा भूकंप तू फक्त ऐकलायस. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट व्हायची वेळ. त्यानंतर आपल्या लातूर-धाराशिवकडची माणसं कितीतरी दिवस छताखाली झोपायला धजत नव्हती. रस्त्यानं जड ट्रक गेला, रात्री एखादं भांडं पडलं, की पोरं काखेत मारून अंगणात. नवी पक्की घरं मिळाली तरी काहींना आत डोळा लागत नव्हता. त्यांना कुणी नाटकी म्हटलं नाही. सगळ्यांना कळत होतं, हे का होतंय ते. मारहाण सोसून आलेल्या बाईला मात्र लोक सरळ विचारतात, आता तर चांगला नवरा मिळालाय, मग तुला झालंय काय?

होतं ते असं. धोका ओळखणारा मेंदूचा भाग वारंवारच्या इजेनं फार हळवा होतो. खरा धोका आहे का, हे विचार करून ठरवायच्या आधीच छातीत धडधड सुरू होते, हातपाय गार पडतात. अशा वेळी माणूस लढतं, पळतं, नाहीतर थिजतं. ज्या घरात उलट बोललं की मार वाढतो आणि पळून जायला माहेरही नाही, तिथं बाई थिजायलाच शिकते. म्हणून हे पक्कं लक्षात ठेव, रात्री ती गप्प पडून राहिली तर तिची मर्जी आहे असं धरायचं नाही. तोंडानं 'हो' आलं तरी चेहरा बघ, श्वास बघ. शंका आली तर थांब, आणि थांबल्यावर तोंड पाडू नकोस. तुझं पडलेलं तोंड तिला शिक्षेसारखं वाटेल, आणि पुढच्या वेळी ती तुझ्यासाठी सोसेल. सोसणं तिला येतंच. आपल्या घरात तिला त्याची गरज पडू नये.

काही जणींना संबंधाच्या वेळी खरंच वेदना होतात. मन तयार असतं, पण खालचे स्नायू आपोआप आवळले जातात. याच्यावर इलाज आहे. समजूतदार स्त्रीरोगतज्ज्ञ बघा, पण तपासणीच्या टेबलाचीही तिला धास्ती वाटू शकते. आधी नुसतं बोलून यायचं, तपासणी दुसऱ्या दिवशी. सोबत कुणी थांबायचं हे तिनं ठरवायचं.

तू तिला न सांगता साडी आणलीस आणि ती खूश व्हायच्या ऐवजी दिवसभर गप्प राहिली, याचं तुला फार लागलंय. माझ्या वॉर्डात एक बाई होती, तिचं दुसरं लग्न झालेलं. नवरा साधा, मायाळू. ती म्हणायची, "सिस्टर, हा हात बी उगारीत नाही, पर काई आणलं की मला भ्याच वाटतंय माय. तो पहिला मारून झालं की दुसऱ्या दिवशी बांगड्या आणायचा." मार, मग माफी, मग लाडीगोडी आणि पुन्हा मार, हे चक्र हिंसेच्या अनेक घरांत फिरतं. त्यात राहिलेल्या बाईला प्रेमाची वस्तूसुद्धा मागच्या माराची किंवा पुढच्या माराची खूण वाटते. तेव्हा अचानक काही आणण्यापेक्षा तिला दुकानात ने आणि रंग तिला निवडू दे. तिचा स्वतःचा पगार तिच्याच खात्यात राहू दे. कागदपत्रं ती वेगळ्या पिशवीत जपून ठेवते म्हणालास, तर ठेवू दे. आपण कधीही बाहेर पडू शकतो एवढी खात्री असली की माणूस घरात निवांत बसतं.

राग तुलाही येईल. यायला हरकत नाही, तूही माणूस आहेस. पण दार आपटून निघून जाऊ नकोस. 'मी चिडलोय, तुझ्या अंगावर हात टाकणार नाही, अर्ध्या तासात परत येतो' एवढं बोलून जा आणि अर्ध्या तासात खरंच ये. दारूचा वास घेऊन तिच्याजवळ जायचं नाही. याला माझ्याकडून सूट नाही.

तिच्या मागच्या गोष्टी खोदून विचारू नकोस. 'मला सगळं सांग, मन हलकं होईल' हे ऐकायला गोड वाटतं, पण सांगताना ती पुन्हा त्या घरात जाऊन उभी राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. त्यात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला काही सांगितलं होतं. तिनं आपल्याला लग्नाआधी सांगितलं, ते केवढ्या धैर्यानं, ते बघ. पुढचं तिला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं. आणि वाटेल त्या माणसापाशी. तो माणूस तू असशीलच असं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

अशा जखमांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक पुण्यात मिळतील. मनाच्या त्रासावर बोलायला टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिची इच्छा नसेल तर तू स्वतः फोन कर. तू थकलायस, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं. तो थकवा तिच्यावर काढण्यापेक्षा तिथं बोललेला बरा.

आणखी एक, जरा कडक लिहिते. आपल्या भारतीय न्याय संहितेत १८ वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्यानं केलेली जबरदस्ती आजही बलात्कारात धरत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मात्र लैंगिक छळ हिंसा म्हणूनच मोडतो. कायद्यानं नवऱ्याला कुठं सूट ठेवली आहे याच्याशी तुला घेणंदेणं नको. तिनं 'आज नको' म्हटलं आणि घरात काहीच बिघडलं नाही, तू चहा केलास, पेपर वाचलास, नेहमीसारखा हसलास, हे तिला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. त्यानंच अंगाला नवी सवय लागते. किती दिवसांत, ते मी सांगू शकत नाही. मधेच सगळं छान चाललेलं असताना एखाद्या वासानं, टीव्हीवरच्या आरडाओरड्यानं ती मागं जाईल. गरोदरपणात पुन्हा भीती वर येऊ शकते, हे मी स्वतः वॉर्डात पाहिलंय. तेव्हा 'एवढं करून काय उपयोग' असं म्हणू नकोस. नव्या घरात नांदलेल्या, हसलेल्या, नवऱ्याशी कडकडून भांडायला लागलेल्या बायकाही मी पाहिल्यात. ती तुझ्याशी पहिल्यांदा भांडेल तेव्हा मला फोन कर, मला आनंद होईल.

आता येळवसचं, म्हणजे आपल्याकडच्या वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाचं. दोघं या असं मी म्हणाले होते, पण शेतात सगळा गोतावळा जमणार आणि तुझ्या आत्याबाई पहिल्या लग्नाचं विचारल्याशिवाय राहणार नाहीत. मी त्यांना आधीच बजावलंय. तरी तिला यावंसं वाटत नसेल तर कारण शोधत बसू नका, नुसतं 'येत नाही' एवढं कळव. मी गाववाल्याच्या गाडीत भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे पाठवून देईन. यायचं असेल तर आदल्या दिवशी या, म्हणजे गर्दीच्या आधी तिला शेत बघता येईल. काय ते तिला विचारून रविवारपर्यंत सांग.

तुझी,
आई