सोनूच्या करारावर सही झाली, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रविवारी बाबा फोनवर नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. फोनवर तुमचं ऐकलं की मला काही सुचत नाही, म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, बाबांना मोबाईलवर वाचायला लावू नकोस.

आधीच सांगून टाकते, सही झालेली आहे. आमचा सोनू व्यावसायिक संघाकडून बेसबॉल खेळायला फ्लोरिडाला जातोय. आम्ही दोघांनी आणि त्याने मिळून ठरवलंय आणि आता ते बदलणार नाही. म्हणजे वाचता वाचता तुम्ही मनात उत्तरं जुळवत बसू नका.

बाबा, पहिला मुद्दा तुमचा. इंजिनिअरिंग सोडलेलं नाही, एक वर्ष राहिलंय. त्या वर्षाच्या फीचे पैसे संघाने करारातच लिहून दिलेत. अट एवढीच, की खेळ सुटल्यावर दोन वर्षांच्या आत परत कॉलेजात नाव घालायचं. तो कागद ह्यांनी दोनदा वाचला, मग वकिलाकडून वाचून घेतला. "वर्षभर थांबला असता तर काय बिघडलं असतं" असं तुम्ही आईजवळ म्हणालात ना? बिघडलं असतं. तिसऱ्या वर्षानंतर मुलाला "पटत नसेल तर मी कॉलेजला परत जातो" असं म्हणता येतं. शेवटचं वर्ष झालं की संघवाल्यांना माहीत असतं, आता हा जाणार कुठे. मग मिळेल त्यावर सही करावी लागते. शिवाय संघ दरवर्षी नवी मुलं निवडतात, त्या निवडीच्या पूर्वी 40 फेऱ्या असायच्या, 2021 पासून 20 च आहेत. त्यात नाव आलं हे काही थोडं नाही.

आता तुम्ही विचारलंत ते. "सुरुवातीला घेत नाहीत, म्हणजे बारावा गडीच ना?" नाही हो बाबा. बेसबॉलमध्ये सुरुवात करणारा पिचर, म्हणजे आपला बोलर, सामन्याच्या नऊपैकी पाच-सहा इनिंग टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. त्याच्याकडे तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात, कारण तोच बॅटर त्याच्यासमोर दोनदा, तीनदा येतो, आणि तिसऱ्यांदा येईपर्यंत त्याला सगळं वाचता आलेलं असतं. सोनूकडे दोनच चेंडू खरे चांगले आहेत, एक फास्टबॉल आणि एक स्लायडर. कॉलेजात दुसऱ्या वर्षी तो सुरुवात करायचा तेव्हा चौथ्या-पाचव्या इनिंगला मार खायचा. रिलीव्हर, म्हणजे त्याच्यानंतर मधेच येऊन टाकणारा, केल्यावर बॅटर त्याला एकदाच बघतो. पंधरा-वीस चेंडू, पण राखून ठेवायचं काहीच नाही, सगळा जोर लावायचा. आणि उद्या परत बोलावलं तर परत यायचं.

काम सोपं नाही. मैदानाच्या कडेला बुलपेन म्हणून जागा असते, तिथे हे सगळे बसतात. फोन वाजला की एकाने उठून हात गरम करायचा. कधी मैदानात बोलावतात, कधी तसंच परत बसवतात, पण हात तर दमतोच. कॉलेजच्या एका सामन्यात मी मुद्दाम तिथल्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. दोन मुलं सूर्यफुलाच्या बिया चावत टरफलं थुंकत होती, सोनू टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. फोन वाजला तशी टोपी सरळ झाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई, परीक्षेला जाताना मीही तुझ्याकडे बघायची नाही, तसंच.

मारियानो रिव्हेराचं नाव दादाला विचारा. पनामातल्या पोर्तो कायमितो नावाच्या मासेमारीच्या गावचा, वडील मासेमारी बोटीचे कप्तान. 1995 साली न्यूयॉर्क यांकीजने त्याला आधी स्टार्टर म्हणून वापरून पाहिलं, ते काही जमलं नाही. पुढच्या वर्षापासून रिलीव्हर झाला आणि निवृत्त होईपर्यंत 652 सेव्ह. म्हणजे इतक्या वेळा संघाची थोडक्यातली आघाडी शेवटपर्यंत राखून सामना हातात दिला. एवढ्या कुणाच्याच नाहीत. कटर नावाच्या एका चेंडूवर कारकीर्द काढली त्याने. 2019 साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, घेताना त्याला सगळीच्या सगळी मतं मिळाली, तशी त्याच्याआधी कुणालाच मिळाली नव्हती. आणि हॉइट विल्हेम म्हणून एक होता, तो 29 व्या वर्षी पहिल्यांदा वरच्या संघात आला आणि पन्नाशीला टेकेपर्यंत टाकत राहिला. सोनू एकवीसचा आहे.

सोनू रिव्हेरा होईल असं मी म्हणत नाही. पुष्कळ मुलं वरपर्यंत पोचतच नाहीत, हे आम्हाला कळतं. आधी फ्लोरिडातलं शिकाऊ मुलांचं मैदान, मग एकेक पायरी वर, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि त्यानंतर मेजर लीग, म्हणजे सगळ्यात वरची. वरच्या 26 जणांत जास्तीत जास्त 13 पिचर ठेवता येतात, त्यातल्या रिलीव्हरची तर सारखी ये-जा. तीन मोसम संघाला हवं तेव्हा त्याला खाली धाडता येतं, मोसमात पाच वेळापर्यंत. म्हणजे बॅग कायम भरलेली. तुम्हाला बदल्यांची सवय होती बाबा, त्यालाही होईल.

पगाराचं विचारायला तुम्हाला अवघड वाटतं, म्हणून मीच सांगते. पूर्वी फार वाईट होतं, मुलं हिवाळ्यात दुकानांत कामं करायची. 2023 साली खेळाडूंच्या संघटनेने नवा करार केला आणि सिंगल ए ला वर्षाला किमान 26,200 डॉलर, ट्रिपल ए ला 35,800 असं ठरलं. राहायची सोय 2022 पासून संघच करतो. वर गेला तर आकडा एकदम सात लाखांच्या पुढे जातो, पण तो आत्ता मोजायचा नाही. आणि हे खास तुमच्यासाठी: वरच्या संघात एक दिवस जरी नाव लागलं तरी आरोग्य विम्याची सोय होते, आणि 43 दिवस झाले की पेन्शनचा हक्क लागतो. त्रेचाळीस दिवसांत पेन्शन! तुमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगा, कुणाचा विश्वास बसणार नाही.

  

कोपराची काळजी मलाही आहे. इतकी वर्षं तुम्ही मुलांना स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकवलंत, तुम्हाला कोण फसवणार? कोपराच्या आतल्या बाजूला एक बंध असतो, प्रत्येक जोरदार चेंडूला त्यावर ताण येतो. पण 1974 साली टॉमी जॉन नावाच्या पिचरचा तो बंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. 1976 ला तो परत मैदानात आला आणि 1989 पर्यंत खेळला. आता ते ऑपरेशन नेहमीचं झालंय, वर्ष-दीड वर्ष जातं एवढंच. सोनूला काही झालेलं नाही, उगाच देवापुढे नारळ ठेवू नकोस आई.

जेवणाचं म्हणशील तर संघाचा स्वयंपाकी आहे, आहारतज्ज्ञ आहे, सगळं मोजून देतात. तरी सुटीच्या दिवशी भात लावायला छोटा कुकर दिलाय. अंडी खातो ते तुला माहीत आहे. त्यापुढचं विचारू नकोस.

मुंजीत मातृभोजनाच्या वेळी त्याने माझ्या ताटातला पहिला घास डाव्या हाताने उचलला, गुरुजींनी डोळे मोठे केले आणि आई, तू हसून पदर तोंडाला लावलास. आठवतंय? "असू दे, देवाने दिलाय तो हात" म्हणालीस. त्याच हाताला आता भाव आहे. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो. फक्त 2020 पासून नियम असा, की आलेल्या रिलीव्हरने तीन बॅटरना तरी टाकायचं, नाहीतर ती इनिंग संपवायची. म्हणून उजव्यांनाही चकवायला शिकावं लागेल, त्यासाठी तिसरा चेंडू शिकवणार आहेत. बाबा, तुम्ही स्मृती मंधानाचं कौतुक गल्लीभर सांगता. तीही डावखुरीच खेळते ना? मग घरच्या डावखुऱ्याचं थोडं करा.

आता नीट ऐका. यंदा तो कदाचित एकही सामना खेळणार नाही, कॉलेजात हात बराच चाललाय म्हणून संघ विश्रांती देतो. त्यामुळे बाबांनी रात्री साडेनऊला मोबाईल घेऊन बसायचं नाही. पुढच्या वर्षी सुरू झालं की दादा आकडे दाखवील, पण सोनूला फोनवर "किती धावा दिल्यास" विचारायचं नाही. रिलीव्हर एक दिवस बिघडला की सामना त्याच्याच नावावर हरला जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते विसरून परत उभं राहायचं असतं. जेवलास का, झोपलास का, एवढंच विचारा. बाबा, तुम्ही बोललात की त्याला दहा हत्तींचं बळ येतं, तो मला तसं सांगतो. तुम्हाला नाही सांगणार.

गणपतीला येणं होत नाहीये. रजा त्याला पोचवण्यात गेली. डिसेंबरात तिघंही येतोय, तिकिटं काढलीत, तेव्हा गुळाच्या पोळ्या आणि बाकी सगळं. तोवर बाबांनी साखरेची तपासणी चुकवायची नाही, आणि आईने गुडघ्याचा पट्टा कपाटात न ठेवता पायाला लावायचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराचं पाणी 40 फुटांवर गेलं की लगेच दादाकडे विश्रामबागेत जायचं. 45 ची वाट बघायची नाही, आणि "2019 ला तरी कुठे एवढं" वगैरे मला ऐकवायचं नाही.

तुमची,
ताई

ता. क. मेतकूट पाठवणार असाल तर सोनूसाठी वेगळी पुडी करा, नाव घालून. लोणचं कुरिअरने पाठवू नका, मागच्या वेळी सगळे कपडे तेलकट झाले होते.