आग विझल्यावर उरतो तो अहवाल : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : अग्निशमन दलाच्या जवानांना मराठी अहवाललेखनाचे प्रशिक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी एका महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागात सव्वीस वर्षे लिपिक होते. वर्दीवरून, म्हणजे आगीची खबर आल्यावर केलेल्या कामगिरीवरून, परतलेल्या जवानांनी हाताने लिहिलेले अहवाल वाचायचे, टंकलिखित करायचे, साहेबांच्या सहीला ठेवायचे आणि नियमाप्रमाणे जो मागेल त्याला प्रत द्यायची, हे माझे काम. आगीच्या तोंडाशी मी कधी उभी राहिले नाही. जे राहिले त्यांचे कागद मात्र हजारोंनी हाताळले. काही कागदांवर पाण्याचे डाग असत, काहींना धुराचा वास येई. रात्रभर होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, धरून बसलेल्या हाताने पहाटे पाचला लिहिलेले अक्षर कसे थरथरते, ते मी ओळखते. म्हणून हे पत्र जवानांच्या चुका काढायला लिहिलेले नाही, एवढे आधी सांगते.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका जुन्या पेठेत पोटमाळ्यावर शिलाईचे छोटे दुकान होते, ते जळाले. जीवितहानी नाही. जवानाने अहवालात लिहिले, ‘दुकान पोटमाळ्यावर. सिलिंडर खाली होता.’ चार-पाच महिन्यांनी ते शिंपीकाम करणारे गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने वाक्याचा अर्थ लावला होता तो असा, की दुकानात गॅसचा सिलिंडर होता आणि तो रिकामा सापडला. दुकानात सिलिंडर ठेवल्याचे विम्याच्या अर्जात कुठे सांगितलेले नव्हते, त्यामुळे दावा अडकला. गृहस्थ हात जोडून म्हणत होते, ‘ताई, सिलिंडर माझा नव्हताच. खालच्या चहावाल्याचा होता.’ जवानालाही तेच म्हणायचे होते. खाली, म्हणजे तळमजल्यावर. पण आपल्या शहरी बोलण्यात ‘खाली’ म्हणजे ‘रिकामा’ हेही आता सर्रास चालते. ‘खालच्या चहाच्या गाळ्यात’ असे तीन शब्द लिहिले असते तर वाद उरला नसता. तो जवान तोवर दुसऱ्या केंद्रावर बदलून गेला होता. त्याचे स्पष्टीकरण मागवण्यात, ते येण्यात, त्यावर सही होण्यात आणखी कितीतरी आठवडे गेले. त्या माणसाने तेवढे दिवस उसन्या मशीनवर काम केले. आणि तो अहवाल टंकलिखित मी केला होता. मलाही तेव्हा काही खटकले नव्हते, याची खंत आजही आहे.

महोदय, आगीचा पुरावा आग स्वतःच खाते. जे उरते ते पाण्याने वाहून जाते, ढिगारा उपसताना विस्कटते, आठवड्याभरात पालिकेच्या गाडीतून डेपोवर जाते. मग पोलीस येतात, विद्युत निरीक्षक येतात, विमावाले येतात, चौकशी समिती नेमली जाते, कधी प्रकरण न्यायालयात उभे राहते. यांतले कोणीही आत गेलेले नसते. आत गेलेला असतो फक्त जवान, आणि त्याने जे पाहिले ते पुढच्या सगळ्यांपर्यंत पोचायला त्या एक-दोन पानांखेरीज वाट नसते. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाला आग लागली. माणसे गेली, फायली जळाल्या. आज ते मजले नव्याने उभे आहेत. त्या दिवशी कोणत्या दालनात कोणी काय पाहिले हे आता त्या भिंतींना विचारून कळणार नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा नवजात बाळे गेली. अशा वेळी ‘नेमके काय झाले’ हा प्रश्न आईबाप विचारतात, आणि त्याचे उत्तर सैल वाक्यात देण्याचा हक्क आपल्याला नाही.

‘बंद’ हा शब्द घ्या. ‘पंप बंद होता.’ हे वाक्य मी किती वेळा टंकले असेल, मोजदाद नाही. इमारतीतल्या आग विझवण्याच्या पंपाचे बटण कोणी बंद केले होते, की पंप बिघडलेला होता, की वीज गेल्यामुळे तो चाललाच नाही? पहिल्या बाबतीत इमारतीच्या देखभालीवरच्या माणसाला जाब विचारावा लागेल. दुसऱ्या बाबतीत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र ज्या परवानाधारक संस्थेने दिले तिला. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली असे प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. तिसऱ्या बाबतीत प्रश्न पर्यायी वीजपुरवठ्याचा. एका ‘बंद’ने तिघांचीही सुटका होते.

दाराचेही तसेच. ‘जिन्याचे दार बंद होते.’ आगरोधक दार लोटलेलेच असायला हवे, धूर जिन्यात शिरू नये म्हणून. पण त्याला कुलूप असता कामा नये. म्हणजे लोटलेले दार हा नियमाचा आदर आणि कुलूप लावलेले दार हा गुन्हा, आणि आपण दोन्हीला ‘बंद’ म्हणतो. नोटिशीतही हाच घोळ होतो. ‘सदर दार बंद ठेवू नये’ अशी नोटीस मिळालेल्या एका सोसायटीने आगरोधक दाराला वीट लावून ते कायम उघडे ठेवले होते. त्यांनी नोटिशीचे पालनच केले होते! नोटीस देणाऱ्याच्या मनात होते ‘कुलूप लावू नये’. ज्या कायद्याखाली पुढे इमारतीची वीज आणि पाणी तोडण्यापर्यंत जाता येते, त्या कायद्याखालच्या नोटिशीत असे वाक्य असावे का?

व्याकरणाचा म्हणून जो भाग आहे त्यात मला सर्वांत जास्त छळले ते सरकारी ‘-ण्यात आले’ने. पाणी मारण्यात आले, दार तोडण्यात आले, वीजपुरवठा खंडित करण्यात आला. कोणी? किती वाजता? दार दलाने तोडले की आधी रहिवाशांनी तोडले होते? वीज तोडण्याआधी पाणी मारले की नंतर? क्रियापदाला कर्ता दिला की या प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. न दिला की वाक्य रुबाबदार दिसते आणि आतून पोकळ राहते. त्याच जातीचे दुसरे वाक्य, ‘सदर इसमाने त्याच्या भावास बाहेर काढले व त्यास गुदमरल्याने रुग्णालयात पाठविले.’ रुग्णालयात नक्की कोण गेला? वाक्यात दोन पुरुष आणि सर्वनाम एक. यावर नुकसानभरपाईची फाइल अडलेली मी पाहिली आहे.

गावांच्या नावांचे तर विचारूच नका. पुण्याचेच पाहा. वडगाव शेरी पूर्वेला, वडगाव बुद्रुक नैर्ऋत्येला. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द. पिंपरी-चिंचवडला पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. नियंत्रण कक्षात फोनवर समोरचा माणूस घाबराघुबरा होऊन ओरडत असतो, घाईत लिहिले जाते ‘बु.’ किंवा ‘खु.’, आणि घाईतला ‘बु’ नि ‘खु’ शेजारी ठेवले तर कोणता कोणता हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. बंब निघाला तो कुठे निघाला? इथे पूर्ण शब्द लिहायला जे दोन सेकंद लागतात ते वाचवण्यासारखे नाहीत. आकड्यांतही हाताचा १ आणि ९ असाच दगा देतात. घरक्रमांक अक्षरांतही लिहावा, चेकवर लिहितो तसा.

आता, ‘आणि’चा ‘णि’ दीर्घ लिहिला म्हणून कोणाचे घर जळत नाही, हे मला कळते. ऱ्हस्व-दीर्घावरून माणसाची अक्कल मोजण्याची आपल्याकडची खोड मला मनापासून नावडते. आमचे जवान सांगलीकडचे, बीडकडचे, जळगावकडचे. त्यांची बोली मुळीच अशुद्ध नाही. उलट, आगीतून वाचलेल्या आजीबाईंनी ‘धूर आधी वरून आला व्हता’ असे सांगितले तर अहवालात ते अवतरणात जसेच्या तसे यावे. ते सुधारून ‘धुराचे लोट निदर्शनास आले’ केले की ‘वरून’ हा मोलाचा शब्दच गळून पडतो. मला हवी आहे ती शुद्धता अर्थाची. तरीही ऱ्हस्व-दीर्घ अगदीच सोडून देऊ नये असे माझे मत आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात समोरचा वकील पानावरच्या दहा चुका मोठ्याने वाचतो आणि विचारतो, शब्द नीट लिहिले नाहीत तर वेळ नीट लिहिली कशावरून? ज्याने जीव धोक्यात घालून ती वेळ पाहिली, तो तिथे मान खाली घालून उभा असतो. आपण त्याला हेल्मेट दिले, धुरात श्वास घेता यावा म्हणून बीए सेट दिला, बूट दिले. नीट लिहिण्याची तयारी कधी दिली?

तेव्हा माझी मागणी अशी. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात अग्निशामकांचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम असतो. तिथे होज ड्रिल जशी रोज होते, तसे अहवाललेखन आठवड्यातून एकदा तरी व्हावे, आणि ते खऱ्या प्रसंगांवर. सराव म्हणून आग लावून विझवतात ना, त्यानंतर लगेच प्रत्येकाकडून पान लिहून घ्यावे, आणि आगीजवळ न गेलेल्या माणसाला ते वाचायला द्यावे. त्याला जे कळले नाही ते लिहिणाऱ्याने पुन्हा लिहावे. उपस्थानक अधिकाऱ्यांच्या वर्षभराच्या पाठ्यक्रमात नोटीसलेखनही हवे. भाषा संचालनालयाने शासनव्यवहारासाठी कोश केले आहेत. आता त्यांनी तांडेल (जवानांच्या तुकडीचा म्होरक्या), फायरमन, यंत्रचालक यांना शेजारी बसवून दलासाठी शे-दीडशे शब्दांची पुस्तिका करावी. त्यात हायड्रंट, रायझर, स्प्रिंकलर हे रुळलेले शब्द तसेच राहू द्यावेत, उगाच बोजड प्रतिशब्द लादू नयेत, फक्त ‘बंद’, ‘खाली’, ‘चालू’ अशा निसरड्या शब्दांच्या जागी काय लिहायचे ते ठरवून द्यावे. मराठी टंकनाचा कळफलक असलेला एक संगणक प्रत्येक केंद्रावर असावा.

आणि वेळ द्यावा. हे सर्वांत महत्त्वाचे. वर्दीवरून आल्यावर होज धुवायचे, टाकी भरायची, गाडी पुन्हा सज्ज करायची, तेवढ्यात पुढची घंटा. अहवाल राहतो उद्यावर, परवावर, आणि मग आठवणीतून लिहिला जातो. जवळचा अहवाल पाहून लिहिला जातो हेही मी पाहिले आहे. मागच्या आगीतली वाक्ये पुढच्या आगीत. मनुष्यबळ कमी आहे हे आपण जाणता. त्याची किंमत कागदावरही मोजली जाते.

चांगले लिहिणारेही होते. फार न शिकलेल्या एका तांडेलांचे एक पान मी निवृत्तीपूर्वी उतरवून घेतले, ते पुढे देते : ‘मी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर ३.४० वाजता पोचलो. दार लोटलेले होते, कुलूप नव्हते. दाराची बाहेरची बाजू गार होती. स्वयंपाकघरात ओट्याखाली एक सिलिंडर उभा होता, त्याचा रेग्युलेटर बंद स्थितीत होता, तो मी हात लावून पाहिला. सिलिंडरमध्ये गॅस होता की नाही ते मला माहीत नाही.’

शेवटचे वाक्य पाहा, महोदय. जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे त्यांनी लिहून ठेवले. त्या पानावर स्पष्टीकरण मागणारे पत्र आमच्या कार्यालयात कधीही आले नाही.

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात शाळा-सोसायट्यांतून प्रात्यक्षिके होतात, ती व्हावीतच. येत्या एप्रिलमध्ये त्याच आठवड्यात एका तरी केंद्रावर अहवाललेखनाचा पहिला वर्ग भरवावा, अशी विनंती आहे. मानधन नको. मी जुने नमुने, नावे-पत्ते खोडून, तयार ठेवले आहेत, आणि निरोप आल्यास मी ते घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त लिपिक, अग्निशमन विभाग