आठव्या नंबरची चिठ्ठी

लोकमान्य नगर, इंदूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू नुसतं "बरं" म्हणालास आणि ठेवून दिलास. तुझं ते "बरं" मी तिसरीपासून ओळखतो. फोनवर समजूत काढणं मला कधी जमलं नाही, म्हणून सकाळचे पोहे झाल्यावर वही पेन घेऊन बसलोय.

यंदाच्या फॅन्टसी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे खरे खेळाडू आळीपाळीने निवडायचे आणि मैदानात ते जे करतील त्याचे गुण आपल्याला, त्यात कुणाचा नंबर कितवा याच्या चिठ्ठ्या आईने काढल्या. आठ चिठ्ठ्या तिने वाटीत घालून वरून हात ठेवून हलवल्या आणि एकेकाचं नाव घेऊन एकेक उचलली. तुझं नाव शेवटी घेतलं, कारण तू पुण्यात आणि बाकीचे सगळे समोर बसलेले. वाटीत एकच उरली होती. तिच्यावर निळ्या पेनाने आठचा आकडा. डॉक्टर लगेच म्हणाला, "गेला बिचारा नंदू." मला ते पटलं नाही, म्हणून हे सगळं लिहितोय.

तू आजवर खेळलास तो कागदावरच्या दहा कोटी पौंडांचा खेळ. पैसे सांभाळून पंधरा जण घ्यायचे, आणि लिव्हरपूलचा सालाह हवा असेल तर आठही जणांकडे सालाह. ड्राफ्टमध्ये पैसे नाहीत आणि कॅप्टनही नाही. पण एक खेळाडू एकाच्याच संघात. पहिली फेरी एक ते आठ अशी जाते, दुसरी उलटी, आठ ते एक, तिसरी पुन्हा सरळ. सापासारखी वळत जाते. म्हणजे तुझ्या वाट्याला आठवा आणि नववा खेळाडू लागोपाठ. मग चोविसावा आणि पंचविसावा, मग चाळिसावा आणि एक्केचाळिसावा. पहिल्या नंबरवाल्याला सालाह मिळेल, मान्य. गेल्या मोसमात २९ गोल, १८ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, आणि ३४४ गुण, या खेळात एवढे आजवर कुणी केलेले नाहीत. पण त्यानंतर त्याला थेट सोळावा मिळणार. मधले चौदा जण तो बघत बसणार. तू मात्र दर वेळी जोडी घेणार, आणि जोडी घेणाऱ्याला एका हाताने दुसरा सांभाळता येतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकाला दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर आणि तीन फॉरवर्ड लागतात. आठ जणांचे मिळून चोवीस फॉरवर्ड. लीगमध्ये क्लब वीस, आणि बहुतेक क्लब पुढे एकच खरा फॉरवर्ड ठेवून खेळतात. म्हणजे दर आठवड्याला हमखास मैदानात उतरणारे चोवीस फॉरवर्ड मुळात आहेतच किती? शेवटी शेवटी लोक बाकावर बसणारी पोरं घेतात. गोलकीपरांचं उलटं आहे. लागतात सोळा, आणि वीस क्लबांचे वीस नक्की खेळतात. त्यांची टंचाई कधीच पडत नाही.

हे मला आज कळतंय. गेल्या वर्षीची वही समोर आहे. तिसऱ्या फेरीत मी गोलकीपर घेतला. मोठ्या क्लबचा, आठवडाभर डोक्यात तोच होता. नावाभोवती मी लाल पेनाने चौकट काढली होती, ती अजून आहे. खाली बाराव्या फेरीत डॉक्टरच्या रकान्यात "ख्रिस वुड, नॉटिंगहॅम फॉरेस्ट" असं बारीक अक्षरात लिहिलंय, आणि कुणी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. त्या वुडने लीगमध्ये २० गोल केले. गोलकीपरांतही आर्सेनलच्या रायाइतक्याच क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, १३, फॉरेस्टच्याच सेल्सने ठेवल्या. त्याआधीच्या वर्षी फॉरेस्ट सतराव्या स्थानावर होतं! कुणाला सांगता आलं असतं? म्हणून गोलकीपर तेराव्या-चौदाव्या फेरीत घे. त्याआधी कुणी कितीही नावं घेतली तरी हलू नकोस.

आठव्या-नवव्याला माझ्या मते एक फॉरवर्ड आणि एक मिडफिल्डर घे. वॉटकिन्स उरला तर बिनधास्त घे, दोन वर्षांमागे त्याचे १९ गोल होते आणि गेल्या वर्षी १६. सोबत ब्रूनो फर्नांडिस. तो पेनल्टी मारतो, कॉर्नर घेतो, आणि दुखापतीने बसलेला फारसा दिसत नाही. मी आता खेळाडू बघताना पहिला प्रश्न हाच विचारतो, हा किती मिनिटं खेळतो? साठ मिनिटं मैदानात राहिला तर दोन गुण, त्याआधी बाहेर आला तर एकच. अडतीस आठवडे रोज दूध घालणाऱ्याचं महत्त्व सणाच्या बासुंदीपेक्षा जास्त असतं रे.

दुसरं बघायचं ते खेळाडूवरचा शिक्का, म्हणजे खेळाच्या यादीत तो कुठल्या जागेवर लिहिलाय. फॉरवर्डच्या गोलला चार गुण, मिडफिल्डरच्या गोलला पाच, डिफेंडरच्या सहा. म्ब्यूमो खेळतो पुढे, पण यादीत मिडफिल्डर आहे, म्हणजे प्रत्येक गोलमागे एक गुण वरकड. तो आता मँचेस्टर युनायटेडमध्ये आलाय. पण तो कॅमेरूनचा, आणि आफ्रिकेची स्पर्धा २१ डिसेंबरला सुरू होतेय, १८ जानेवारीपर्यंत. त्याला घेतलास तर तेवढ्या आठवड्यांसाठी बाकावर माणूस तयार ठेव.

यंदा डिफेंडरांसाठी नवा नियम आलाय. सामन्यात टॅकल, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि क्लिअरन्स, म्हणजे बॉल हिसकावणं, अडवणं, मधेच तोडणं आणि बाहेर काढणं, मिळून दहा झाले की दोन गुण जास्तीचे. मला याचा फार आनंद झाला. एव्हर्टनचा टार्कोव्स्की वर्षानुवर्षं गोलपुढच्या पेटीत उभा राहून डोक्याने बॉल बाहेर काढतोय, आणि गोल खाल्ला की त्या मेहनतीचं त्याच्या पदरी काही पडत नव्हतं. अशांना आठव्या-नवव्या फेरीत घे, बाकीचे तेव्हा कडेने पुढे धावणाऱ्या नावाजलेल्या डिफेंडरांच्या, विंगबॅकांच्या, मागे असतील.

आमचे आजोबा होळकरांच्या क्रिकेट संघाच्या गोष्टी सांगायचे, आठवतं? इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन युद्धात महूच्या छावणीत होता, तो होळकरांकडून खेळला. आर्सेनलचा फुटबॉलपटूही, आपल्या इंदूरच्या संघात! १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ केले. कॉम्प्टन एका बाजूला नाबाद २४९, आणि तरी होळकर ३७४ धावांनी हरले. आजोबा दर वेळी इथे थांबायचे आणि म्हणायचे, "एक माणूस उभा होता रे शेवटपर्यंत." पुढच्याच मोसमात होळकरांनी बडोद्याला हरवून पहिला करंडक आणला, ते मात्र एका वाक्यात सांगून टाकायचे. सालाह दुसऱ्या कुणाकडे गेला की मला ती नाबाद २४९ आठवते.

आणि ड्राफ्ट संपला म्हणजे संघ ठरला असंही नाही. २०२३ मध्ये आमचा ड्राफ्ट ऑगस्टमध्ये झाला आणि कोल पामर चेल्सीत आला १ सप्टेंबरला. कुणाच्याच संघात नव्हता. वकिलाने तीन आठवडे वाट पाहून त्याला उचललं. पुढे त्याचे २२ गोल झाले, त्यातले ९ पेनल्टीवर, आणि मोसमात सगळ्यात जास्त गुण त्याचेच. म्हणून दर आठवड्याला मोकळे खेळाडू बघायचे, जसं तू राजवाड्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घालून बघायचास.

तुला खेळायला बोलावण्यामागे आणखी एक कारण आहे. काका गेल्यावर रामबागेतलं घर विकलंत, तेव्हापासून तू इंदूरला येतोस आणि ताईकडे राखी बांधून घेऊन दुसऱ्या दिवशी निघतोस. आमच्याकडे येत नाहीस. मी कधी विचारलं नाही, कारण त्या गल्लीतून जाताना मलाही मान खाली घालावीशी वाटते. पण शनिवारच्या सामन्यांना सगळे माझ्या गच्चीवर जमतात, पाच वाजता पहिला, मग साडेसातचे, मग दहाचा, आणि तिथून सराफ्यात खायला. तिथे गेलो की दर वेळी आम्ही सात जणच असतो. तुझी उणीव मला फार जाणवते.

राखी यंदा शनिवारी, ९ तारखेला. ड्राफ्ट मी मुद्दाम रविवारी सकाळी दहाला ठेवलाय. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढ. येताना तीस नावं लिहून आण, पेन्सिलीने, म्हणजे खोडता येतील, आणि फॉरवर्ड वेगळ्या पानावर. तुझी चिठ्ठी आईने देवघरात पोथीखाली ठेवलीय. "त्याच्या हातातच देईन," म्हणाली.

तुझा,
सुधीर