मिन्युएट मुलांच्या हातात देताना

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

वाद्यवृंदासाठी तू निवडलेला संगीतकार पेट्झोल्डचा, तीन मात्रांच्या नाचाचा मिन्युएट (१७२५ च्या अ‍ॅना माग्डालेना बाखच्या वहीतला, बरीच वर्षं तिचा नवरा, संगीतकार बाख, याच्याच नावावर असलेला) मुलांना झेपेल, पण मूळ जी-मेजर पट्टीत ठेवू नकोस. तिथे व्हायोलिनच्या ए तारेवरच्या सी नॅचरलसाठी (साध्या सीसाठी) दुसरं बोट पहिल्याला चिकटतं आणि डी तारेवरच्या एफ शार्पसाठी (अर्धा स्वर चढ्या एफसाठी) तेच तिसऱ्याकडे जातं. नवी मुलं इथेच बेसूर होतात. जीला सा मानलं तर त्याच्या खालच्या पंचमावर, म्हणजे डी-मेजरला, सगळी चाल ने. मग दोन्ही तारांवर दुसरं बोट तिसऱ्याला लागून राहतं आणि सर्वांत वरचा स्वर ई तारेवर पहिल्या बोटाखाली येतो. अवघड उरतात दोन स्वर: पहिल्या भागात जी तारेवरचा सी शार्प आणि दुसऱ्या भागात डी तारेवरचा जी शार्प. दोन्हींना तिसरं बोट वर सरकवायचं, म्हणून ते एकत्रच घोटून घे.

गजाचं मात्र पक्कं कर, नाच तिथेच दिसतो. मिन्युएटचं एक पाऊल दोन बारांचं, सहा मात्रांचं असतं. म्हणून प्रत्येक बारला डाऊन-बो (गज मुठीकडून टोकाकडे) हवाच असं नाही, दर दुसऱ्या बारला पुरे. पहिल्या व्हायोलिनला पहिल्या बारात पाच स्वर, दुसऱ्यात तीन. गज उलटसुलट चालू दिला की तिसरा बार आपोआप डाऊन-बोवर येतो. आठवा बार अप-बोवरचा (गज टोकाकडून मुठीकडे) एकच लांब स्वर आहे. तिथे मुलं गज लवकर संपवतात, टोकापासून हळू ओढायला सांग. खालचा आवाज वाजवणाऱ्या चेलोचं गणित पहिल्याच बारात चुकतं, कारण तिथे दोन स्वर आहेत. ते एकाच गजात बांधून लिही, म्हणजे आठव्या बारापर्यंत सगळं जुळतं.

मूळ रचना बहुतेक दोनच आवाजांची आहे, त्यामुळे मधले आवाज तुलाच लिहावे लागतील. पहिल्या मात्रेला खाली एक ठोका आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला वर स्वरगुच्छ असं लिहू नकोस, त्याचा लगेच वॉल्ट्झ होतो! दुसऱ्या व्हायोलिनला चालीखाली तिसरा किंवा सहावा स्वर दे, आणि पुनरावृत्तीत चालच दे. नाहीतर तीच मुलं कंटाळतात.

व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) कमी असतील तर तिसरं व्हायोलिन लिही, पण व्हायोलिन जी तारेखाली जात नाही, तेवढे स्वर सप्तकभर वर घे. डबल बास लिहिल्याच्या सप्तकभर खाली वाजतो. त्याला चेलोचे धावते, अर्ध्या मात्रेचे स्वर देऊ नकोस, फक्त समेचे स्वर पुरेत.

पुढे गावोत हा नाच घेतलास तर तो बारच्या मध्यावर उठतो: ख्यालाच्या मुखड्यासारख्या दोन मात्रा समेआधी. त्या डाऊन-अप घे, म्हणजे समेला पुन्हा डाऊन-बो मिळतो. बुरे या नाचात एकच मात्रा आधी असते, ती अप-बोवर.

भाग लिहून झाले की आधी चेलोचा पाठव, तो मी गजासकट तपासून देतो.

तुझा भाऊ