इंग्रजीचे उच्चार देवनागरीत द्या, पण नीट द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानांत गाईडसाठी पालकांची रीघ लागते. या गाईडमध्ये इंग्रजी शब्दासमोर देवनागरीत उच्चार छापलेला असतो. पद्धत चांगलीच आहे. मराठी शाळांत २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आले, पण ज्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही तिथे मुलाला आधार या छापील उच्चाराचाच. तोच चुकला तर मूल वर्षानुवर्षे चुकीचे घोकत राहते.

सर्वांत मोठा घोळ भूतकाळाचा. शेवटी ‘ईडी’ दिसले की सरसकट ‘ड’ छापतात: लुक्ड, स्टॉप्ड, वॉश्ड. मुले तर थेट ‘लुकेड’ वाचतात. वास्तविक नियम सोपा आहे. गळ्यावर दोन बोटे ठेवून मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज काढावा. कंप जाणवला नाही तर ‘ट’: लुक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. जाणवला तर ‘ड’: प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. मूळ शब्दच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तरच ‘इड’: वॉन्टिड, नीडिड. इथे एक गफलत हमखास होते. मुले ‘क’ पूर्ण म्हणतात आणि त्यातल्या ‘अ’मुळे गळा थरथरतो. म्हणून क्, प्, श् असा पाय मोडूनच आवाज काढायला सांगावे. शिवाय पाहायचा तो आवाज, स्पेलिंग नव्हे. ‘लाफ’च्या शेवटी ‘जीएच’ लिहितात, पण ऐकू येतो ‘फ’, म्हणून लाफ्ट. ‘नेकिड’, ‘विकिड’ ही विशेषणे मात्र नियमाबाहेरची, ती पाठच करावीत.

दुसरी अडचण आपल्या ‘व्ह’ची. ‘व्हॅन’ही आपण व्ह-ने लिहितो आणि ‘व्हाइट’ही. इंग्रजीत हे दोन वेगळे आवाज आहेत. व्हॅनसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासत सोडायची. त्यात ‘ह’ मिसळायचा नाही. ‘व्हाइट’मध्ये दातांचा संबंधच नाही. ‘उ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करून लगेच ‘आइट’ म्हणावे, उच्चार बरोबर येतो. गाईडमध्ये तो ‘वाइट’ असा छापला तरी निम्मे काम होईल. हा फरक किरकोळ नाही: ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन.

‘झेड’च्या बाबतीत तर मराठी मूल अर्धी वाट चाललेलेच असते. ‘माझी’तला झ नको, ‘माझा’तला घ्यावा आणि जीभ वर टेकू न देता तोच आवाज लांबवावा. ‘डॉग्ज’च्या शेवटी हाच आवाज येतो, ‘कॅट्स’च्या शेवटी साधा स.

न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांबद्दल मुले ‘का?’ विचारतात, तेव्हा ‘तसंच असतं’ म्हणून गप्प करू नये. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ कधी बोलला जातच नव्हता. शब्द फ्रेंचमधून बी-शिवाय आला आणि लॅटिन मूळ दाखवण्यासाठी विद्वानांनी तो मागाहून घातला. ‘डाउट’ची आणि ‘रिसीट’मधल्या ‘पी’चीही तीच कथा. ‘नाइफ’चा ‘के’ मात्र पूर्वी खरोखर म्हणत. कारण कळले की मूल स्पेलिंग विसरत नाही.

आघात तर कुठल्याच गाईडमध्ये सापडत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर आहे, ‘फोटोग्राफर’मध्ये तो पुढे सरकतो आणि उच्चार ‘फटॉग्रफर’च्या जवळ जातो. जोराचे अक्षर ठळक छापायला प्रकाशकांना काही जास्त खर्च येत नाही.

पुढच्या आवृत्तीपूर्वी प्रकाशकांनी निदान ‘ईडी’ची रूपे आणि ‘व्ह’ जाणकारांकडून तपासून घ्यावेत. तोवर पालकांनी मोबाईलवरच्या शब्दकोशात स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवून शब्द मुलाला ऐकवावा आणि गाईडमधला चुकीचा उच्चार पेन्सिलीने तिथेच दुरुस्त करावा.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, कोल्हापूर