कोण कोणाला सुधारतंय

इंदूर, रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर फारच कावला होतास. साहेबाने हातात कामगिरी सुधारण्याचा ‘इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ ठेवला, म्हणून म्हणालास, “या वयात मला सुधारणार म्हणे!” मी हसलो ते तुला नाही रे, त्या शब्दाला.

‘इम्प्रूव्ह’चा मूळ अर्थ ‘चांगलं करणं’ असा नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘प्रू’ म्हणजे नफा. त्यावरून बनलेला हा शब्द इंग्लंडातल्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला, तेव्हा अर्थ होता फायद्यात आणणं. आणि मुख्यतः जमीन. गावाचं गायरान जमीनदाराने कुंपण घालून लागवडीला आणलं, की ते ‘इम्प्रूव्ह’ झालं. तिथे शेळ्या चारणाऱ्याचं काय, ते कोणी विचारायचं नाही. शेवटचा ‘व्ह’ ‘प्रूव्ह’च्या नादाने चिकटलेला, ‘प्रू’च्या खऱ्या नात्यातला म्हणशील तर ‘प्राउड’. आपण म्हणतो तो अर्थ सतराव्या शतकाच्या आसपास रुळला. तेव्हा तुझ्या साहेबाने शब्द अगदी मुळाबरहुकूम वापरलाय!

आमच्या इंदूरलाही सुधारायला एक जण आला होता, स्कॉटलंडचा नगररचनाकार पॅट्रिक गेडेस. 1918 मध्ये त्याने होळकर दरबाराला शहराचा दोन खंडी अहवाल दिला. प्लेगचे दिवस. पण सरळ रुंद रस्त्यासाठी मोहल्लेच्या मोहल्ले पाडायला त्याचा विरोध. पडकं घर तेवढं काढा, मोकळी जागा करा, बाकीचं राहू द्या, असा त्याचा आग्रह. तो याला जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणे.

आमच्या गल्लीचंही आता रुंदीकरण निघालंय. ओट्याच्या मधोमध लाल रंगाची रेघ मारून गेलेत. अर्जाला उत्तर नाही. त्याच रेघेवर बसून शेजारच्या काकू सकाळी मेथी सुधारतात. हो, सुधारतात! तुमच्या पुण्यात भाजी निवडतात, इथल्या हिंदीने आमच्या मराठीलाही ‘सुधारायला’ लावलंय. पिवळी पानं, मुळं, माती बाजूला. कोवळी काडी मात्र काकू टाकत नाहीत. मला तरी गेडेसपेक्षा काकूंचं काम जास्त समजतं.

असो. त्या कागदावर सही करायच्या आधी मला फोटो पाठव. फायदा कोणाचा लिहिलाय ते बघू. आणि दिवाळीची वाट बघू नकोस, आधीच ये. पोहे ओट्यावर बसून खाऊ, ओटा आहे तोवर.

तुझा,
नाना