बेदाण्याचा हंगाम आणि अनुदानाचं वेळापत्रक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवउद्योगांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची बातमी एकतर घोषणेच्या दिवशी येते, नाहीतर कुणाचा सत्कार झाला की येते. अर्ज भरल्यापासून खात्यावर पैसे जमा होईपर्यंत मधे जे महिने जातात, त्याबद्दल मला लिहायचं आहे. कारण आमच्या कामात महिन्यांपेक्षा हंगाम मोठा असतो.

तासगाव तालुक्यात मी आणि माझा धाकटा दीर मिळून एक छोटी कंपनी चालवतो. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे, तो घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड बघतो. आम्ही शेडसाठीच यंत्र बनवलं आहे. रॅकच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावर सेन्सर बसतात, ते उष्णता आणि हवेतला दमटपणा मोजतात. दमटपणा ठरावीक मर्यादेपुढे चढला की शेतकऱ्याला रात्रीसुद्धा फोन जातो. मग उठून पडदे सोडायचे, पंखे लावायचे. बेदाणा करणाऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढून माल जाळीवर पसरला की पुढचे बारा-पंधरा दिवस सगळा भरवसा हवेवर. मार्चमधल्या एका अवकाळी पावसानं माल काळा पडतो, आणि सौद्यात काळ्या मालाचं काय होतं ते आम्ही घरात पाहिलेलं आहे.

पहिली दोन यंत्रं आम्ही पदरच्या पैशातून केली. पुढे डबी बनवायला, सर्किट बोर्ड छापून घ्यायला आणि वीस शेडवर चाचणी घ्यायला पैसे नव्हते. म्हणून केंद्र सरकारच्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेकडे वळलो. २०२१मध्ये सुरू झालेली ही ९४५ कोटींची योजना आहे. नमुना तयार करायला आणि चाचण्या घ्यायला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत रक्कम कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे कंपनीच्या हिश्श्यात बदलता येणारं कर्ज, या रूपात मिळू शकते. पैसा थेट दिल्लीहून येत नाही, इन्क्युबेटर म्हणजे नवउद्योगांना हात देऊन उभं करणाऱ्या केंद्रांमार्फत येतो. एका अर्जात तीन केंद्रं पसंतीक्रमानं निवडता येतात. योजना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणते. तारण मागत नाहीत, जामीनदार मागत नाहीत, आणि २० लाखांच्या अनुदानासाठी कंपनीतला हिस्साही द्यावा लागत नाही. आमच्यासारख्यांना बँकेच्या दारात हे कुठे मिळतं?

अर्ज करायचा तर आधी कंपनी नोंदवलेली हवी आणि तिला केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाची नवउद्योग म्हणून मान्यता हवी. आम्ही मे २०२२मध्ये कंपनी नोंदवली, ऑगस्टमध्ये मान्यता मिळाली, नोव्हेंबरच्या मध्यात अर्ज गेला. नियमावलीत लिहिलं आहे की इन्क्युबेटर केंद्राच्या समितीनं ४५ दिवसांत निवड करावी आणि पहिला हप्ता अर्जापासून ६० दिवसांच्या आत द्यावा. त्या हिशोबानं जानेवारीत पैसे आले असते. फेब्रुवारीत माल शेडवर चढायला लागतो. तारखा अगदी जुळत होत्या, म्हणूनच आम्ही नोव्हेंबर धरला होता.

घडलं ते असं. पहिल्या केंद्राचा नकार दोन ओळींत आला, कारण दिलेलं नव्हतं. दुसऱ्याकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या केंद्रानं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सादरीकरणाला बोलावलं. दीर शेडवर होता, मी एकटी पहाटेच्या गाडीनं गेले. दहा मिनिटं बोलायला मिळाली. समितीतल्या लोकांनी प्रश्न नेमके विचारले, आदरानं विचारले. मग तीन दरपत्रकं मागवली, मग खर्चाचा तक्ता बदलून मागवला. त्यात चाचणीसाठी एक छोटं शेड उभारण्याचा खर्च आम्ही धरला होता, तो काढावा लागला, कारण या पैशातून कायमची सुविधा उभारता येत नाही. ते मला पटलं. मंजुरी आली जूनमध्ये, पहिला हप्ता ऑगस्टमध्ये. २०२३चा हंगाम एप्रिलमध्येच संपला होता.

पुढचा अडथळा करारात होता. हप्ते टप्प्याटप्प्यानं मिळतात आणि प्रत्येक टप्प्याची तारीख करारात घालावी लागते. ‘प्रत्यक्ष शेडवर चाचणी’ हा टप्पा तीन महिन्यांवर लावला गेला, म्हणजे नोव्हेंबर. नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यात फळछाटणी होऊन गेलेली असते, घड अजून हिरवे असतात. सुकवायचं काय? मी हे फोनवर सांगितलं, पत्र लिहून सांगितलं. तिथल्या समन्वयक बाईंना ते समजत होतं, पण त्यांच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये हंगामासाठी जागाच नव्हती. टप्पा अपूर्ण म्हणून शेरा पडला आणि दुसरा हप्ता एप्रिल २०२४पर्यंत अडकला. फेब्रुवारी-मार्चमधली चाचणी आम्ही माझ्या बांगड्या गहाण ठेवून केली.

ती केली म्हणून एक गोष्ट कळली, जी प्रयोगशाळेत कधीच कळली नसती. बेदाण्याला रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. नवव्या दिवशी आमच्या बारांपैकी सात सेन्सर भलतंच दाखवायला लागले. टळटळीत दुपारी ९२ टक्के दमटपणा! उघडून बघितलं तर तांब्याचे जोड काळे पडलेले. धुरीच्या वेळी सेन्सर झाकणारी खिडकी, जाळीचा गाळणपडदा आणि बोर्डावर लेप, एवढं सगळं करून नवं यंत्र तयार झालं तेव्हा मे २०२४ उजाडला होता. आणि त्याच महिन्यात कंपनीला दोन वर्षं पूर्ण झाली.

माझं खरं म्हणणं इथे आहे. या योजनेत अर्जाच्या दिवशी कंपनीला दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाहीत. अनुदान आणि कर्ज या दोन्ही गोष्टींसाठी हीच अट. मोबाइल ॲप बनवणाऱ्याला दोन वर्षांत शंभर वेळा चूक करून सुधारता येते. बेदाणा, हळद, ऊस, आंबा यांच्यासाठी यंत्र बनवणाऱ्याला दोन वर्षांत दोनच संधी मिळतात. त्यातली एक मंजुरीच्या वाटेवर गेली, दुसरीत दोष सापडला. यंत्र चालायला लागलं तेव्हा ५० लाखांचं दार बंद झालेलं होतं. २०२५च्या हंगामात १४ शेडवर यंत्रं चालली, एकही बंद पडलं नाही. पण शंभर शेडसाठी यंत्रं बनवायला भांडवल कुठून आणायचं, हा प्रश्न तसाच आहे.

कंपनीच्या वयाची अट काढून टाका, असं मी म्हणत नाही. ती नसेल तर जुन्या मोठ्या कंपन्या पुढे येतील. पण शेतीशी निगडित उत्पादनांना दोन वर्षांऐवजी चार हंगाम धरावेत. निदान ज्यांना अनुदान मिळालं आहे त्यांना चाचणी संपल्यानंतर एक वर्ष दुसऱ्या अर्जासाठी मिळावं. टप्प्यांच्या तारखा पिकाप्रमाणे लावाव्यात. आणि ४५ दिवस लिहिले आहेत तर ते पाळले जातात का, हे केंद्रवार जाहीर व्हावं. नकार देताना दोन वाक्यांत कारण द्यावं. पहिल्या केंद्रानं ते दिलं असतं तर खर्चाचा तक्ता मी डिसेंबरमध्येच दुरुस्त केला असता.

राज्याच्या नाविन्यता सोसायटीनं स्टार्टअप सप्ताहात निवडक २४ नवउद्योगांना १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश, म्हणजे सरकारी कामाच्या ऑर्डरी, देण्याची पद्धत सुरू केली, तीही मला मोलाची वाटते. त्यात सरकारी खातं स्वतः वापरून बघतं. कृषी खात्यानं हंगामाआधी असे कार्यादेश तालुक्याच्या पातळीवर दिले तर गावातल्या कितीतरी मुलांना पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही.

ज्यांच्या डोक्यात असं काही आहे, त्यांना दोन गोष्टी सांगते. हंगाम संपल्या संपल्या कंपनी नोंदवू नका. आमची चूक तीच झाली. नमुना घरात तयार करा, हंगाम तोंडावर आला की नोंदणी करा. आणि मंजूर रकमेच्या दहा टक्क्यांवर ‘अनुदान काढून देतो’ म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. माझ्याकडे असे दोघे येऊन गेले. या योजनेत अर्जदाराकडून कसलंही शुल्क घ्यायची केंद्रांना परवानगी नाही. फॉर्म कठीण नाही, मी तो आठ रात्रींत एकटीनं भरला.

ही योजना आखणाऱ्या आणि राबवणाऱ्या अधिकाऱ्यांना, निवड समित्यांवरच्या तज्ज्ञांना माझी आपल्या दैनिकातून विनंती आहे. सादरीकरणाला आम्हाला जरूर बोलवा, आम्ही येऊ. पण एकदा फेब्रुवारीच्या शेवटी तुम्हीही तासगाव, कवठेमहांकाळकडे या. रॅकवर माल असेल, धुरी चालू असेल. आमचं शेड डांबरी रस्त्याला लागूनच आहे.

आपली,
एक लघुउद्योजिका
तासगाव, जि. सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)